एका रकान्याचा दिवस

हजेरीपटात दिवस म्हणजे एक रकाना,
अर्धं बोट रुंद.
सूरच्या खाडीवर, समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात
मी तो रोज भरतो:
आला तर बरोबरची खूण, खाडा असेल तर फुली.
रात्रपाळी त्यात मावत नाही.
सहाला आत शिरते,
बाहेर पडते तेव्हा तारीख बदललेली.

खलफान, आमचा मुकादम, पहिल्याच महिन्यात म्हणाला,
उजेड असतो तेवढा नहार.
यौम म्हणजे रात्रीसकट,
आणि रात्र आधी.
मगरिबची बांग झाली की उद्या सुरू.

मी म्हटलं, आमच्याकडेही आहे, अहोरात्र,
चांगला भरभक्कम शब्द.
पण तो लावतात कष्टांना
आणि औषधांच्या दुकानांना.
एरवी सगळं दिवसावरच भागतं.
तो उगवतो, कलतो, बुडतो,
फिरतो, पालटतो,
बाईला जातात,
मेलेल्याचे घालतात,
आणि नुसतं बसून राहिलं तर
खायला उठतो.
खलफान हसला,
एवढ्याशा शब्दाला किती राबवता,
ओव्हरटाइम तरी देता का?

वृषालीला दिवस गेल्याचं कळलं
तेव्हा मी सुट्टीवरून परत आलेलो.
तिचे जात होते,
मी इथे ढकलत होतो.

मुलगी झाली चिपळूणला,
रात्री एक वाजून दहा मिनिटांनी.
दवाखान्याने लिहिलं, बुधवार.
आई फोनवर म्हणाली, सूर्य कुठे उगवलाय अजून?
मंगळवारच.
माझ्या घड्याळात अकरा चाळीस.
तोही मंगळवार,
पण आईचा नव्हे.
खलफानने कहाव्याची किटली पुढे सरकवली,
बुधवार, आणि केव्हाचाच,
तू डबा उघडलास ना, त्याच्याही आधीपासून.
पंपावरून परकार ओरडला,
वार कसले मोजताय, रडली का पोर?

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

सकाळी सहाला पट उघडला.
पलीकडे ऐजाचा दिवा
उजेडातही फिरत होता, उगीच.
आमच्या नियमाप्रमाणे
पाळी जिथे सुरू होते, दिवस तिथला.
मंगळवार. माझं नाव.
बरोबरची खूण केली:
पूर्ण दिवस, हजर.