बहात्तरचे सत्तावीस

रात्री अडीचला फेस पुन्हा उतला.
झाकण जुमानलं नाही, नळी जुमानली नाही,
फिल्टर भिजवून बाकावर, बाकावरून फरशीवर,
माझ्या चपलांपर्यंत आला.
वास थोडा उकडलेल्या कंदाचा, थोडा ओल्या गोणपाटाचा.

मी शिव्या दिल्या, मग बादली लावली.
ओदिलोन सर म्हणतात, शिव्या देऊ नकोस, जुसिलेजी,
आपल्याला हवंय ते वर येतं,
खाली टाकीत उरतात दमलेले जंतू.

टाकीतलं पाणी माझ्या गावचं.
दर मंगळवारी वाल्देनोर मोटरसायकलला दोन कॅन बांधून आणतो:
कसावा किसून, पिळून,
पीठ भट्टीवर जायच्या आधी निथळतं ते पिवळट पाणी.
गावात त्याला मानिपुएरा म्हणतात
आणि नाव घेतलं की ईरासीची शेळी सांगतात,
गाभण होती, डबक्याला तोंड लावलं,
दिवेलागणीला ताठ.
आम्ही पोरं त्या चरावरून उड्या मारायचो.
पाय पडेल तो मेला.
मी तीनदा मेलेय.

आता तेच पाणी उकळते, गाळते, निववते,
त्यात सुईच्या अग्राएवढं विरजण.
बॅसिलस. दांडीसारखा, मातीतला, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.
मग दोन दिवस त्याला हवा फुंकत बसायचं,
चुलीपाशी बसावं तसं.

आई डोळे तपासायला अराकाजूला आली
तेव्हा तिला इथे आणलं होतं.
आत येण्याआधी तिने हात झग्याला पुसले,
कंद सोलून सोलून
बोटांच्या चिरांत बसलेलं काळं काही निघत नाही.
मी काचेवर तेल पसरलं. त्यावर साध्या पाण्याचा थेंब सोडला:
गोल, ताठ, कुणाला वाकून नमस्कार न करणारा.
शेजारी आमचा थेंब.
पडला, आणि पडल्या जागी सपाट.
आई म्हणाली, "याचा माज उतरला."
पृष्ठताण, मी म्हटलं. बहात्तर होता, सत्तावीस झाला.
तिला अक्षर येत नाही, आकडे येतात.
वहीवर वाकून पाहिलं:
"७२. २७.
अगं, हे तेच दोघे. नुसत्या जागा बदलल्यात."

मग विचारलं, एवढ्याशा भुकटीला किती मिळतात.
मी सांगितलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
परतताना बसथांब्यावर, अचानक:
"मग आम्ही फेकत होतो ते काय होतं?"
विष, मी म्हटलं.
तेही खोटं नव्हतं.

आत्ता पाणी ओतते तर फेस दुप्पट होतो.
पंपाखालचा तेलाचा डाग,
माझ्या आधीच्या तिघांनी घासून सोडून दिलेला,
आपणहून सुटून मोरीकडे निघालाय.
चपला घसरतात, म्हणून काढून ठेवल्या.
घोट्यापर्यंत पांढऱ्यात उभी आहे,
बादली भरायची वाट बघत.
चौथ्यांदा.