डावा हात वेळेवर

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
पियानोच्या पोटात पाण्याची वाटी ठेवायचं काम
माझं होतं. महिन्याला चार रुपये.
होळी झाली की लाकूड तडकायला लागायचं,
वाटी संध्याकाळपर्यंत कोरडी.
लिबोरियो कुलासो झाकण उचलून आत बघायचे.
"आज हा माझ्यापेक्षा जास्त प्यायला."

रंगूनच्या हॉटेलात त्यांचं नाव
दिव्यांनी लिहिलेलं होतं, असं सांगत.
अकरा जणांचा बँड, पांढरे कोट.
बेचाळीसच्या फेब्रुवारीत ते चालत निघाले.
ट्रॉम्बोनवाला चिखलात राहिला,
कोट कुणाच्या तरी बाळाला गुंडाळायला गेला.
याहून जास्त कधी बोलले नाहीत.
मावसभाऊ इथे गार्ड होता, म्हणून भुसावळ.

दिवसा पार्सल ऑफिस, केळीच्या घडांच्या पावत्या.
शनिवारी रात्री नाच:
ड्रायव्हर, फायरमन, त्यांच्या बायका, मेव्हण्या,
लाकडी जमिनीवर बोरिक पावडर,
आणि तो डावा हात
खाली-वर, खाली-वर,
मालगाडी घाट चढते तसा.
मला म्हणाले, "हा वेळेवर पाहिजे.
उजव्याने मात्र गाडी लेट आणायची,
इतकीच, की फलाटावरच्यांनी मान वळवावी."

माझा बाप शेडमध्ये बॉयलर घासायचा.
एकदा खिडकीशी उभं राहून ऐकलं त्याने.
"काय वाजाडी ऱ्हायना हाऊ?
एक हात चालस, एक हात हिंडस."
मी अर्थ सांगितला, तर मास्तर बराच वेळ गप्प.
"रंगूनच्या पेपरातही असं कोणी लिहिलं नाही."

मग एकेक कुटुंब पर्थला गेलं.
खोकी बांधायला सुतळी पार्सल ऑफिसातलीच.
शनिवारी सात जोड्या, चार,
शेवटी एकट्या मिसेस व्हिटल,
खुर्चीत बसून पाय हलवणाऱ्या.
तार तुटली, तर केबिनवाल्याकडून
सिग्नलच्या तारेचा एक पदर मागून आणला.
तो सूर पुढे कायम खडखडला.

एका मे महिन्यात त्यांचा उजवा हात गेला.
तरी शनिवारी कोट घालून आले,
रिकाम्या हॉलमध्ये डाव्यानेच वाजवत राहिले.
मी उजव्याची वाट बघत उभा.
त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं,
"लेट आहे."

पियानो लिलावात निघाला. रावेरच्या एका केळीवाल्याने
मुलीसाठी नेला. वाजवते की नाही, कळलं नाही.
वाटी माझ्याकडे आहे.
बायको तिच्यात मीठ ठेवते.