मागच्या खोलीतले जॉब

खानापूरच्या लॅबचं पान
अकरा सेकंद गोल फिरत राहायचं.
प्रणोती हलगेकर काउंटरवर बटण दाबायची
आणि पेशंटकडं बघायची, पेशंट तिच्याकडं.
आत रिपोर्ट बनत असायचा,
एक मराठीत, एक कानडीत,
मग मेसेज, मग डॉक्टरांना मेल,
आणि तोवर माणूस
दंडावरचा कापूस दाबून उभा.

आमचं ऑफिस उद्यमबागेत, भावकाण्णांच्या लेथच्या वर.
दोन टेबलं, मी आणि ईराण्णा,
आणि फरशीतून तळपायात येणारी घरघर.
ठरलं ते सोपं होतं:
पानानं लगेच म्हणायचं, घेतलं, होईल,
आणि खरं काम मागच्या खोलीत सरकवायचं.
भांडण एवढंच, की मागच्या खोलीत
बसवायचं कुणाला.

ईराण्णाला तो चपळ हवा होता,
सगळी रांग तोंडपाठ धरणारा,
सेकंदाला हजार कामं उडवणारा.
"दिवसाला रिपोर्ट किती?" मी विचारलं.
"एकशे चाळीस."
तो स्वतःच हसला, हट्ट मात्र सोडला नाही.
दुसरा क्लाऊडवरचा, परगावी राहणारा,
दर निरोपामागं डॉलरात पैसे मोजणारा;
त्याचा हिशेब लॅबच्या डॉक्टरांना
मराठीत सांगता येईना, कानडीतही येईना.
तिसरा मुखदुर्बळ.
वेगळं घर मागत नाही,
पेशंटची नोंद ज्या डेटाबेसात
तिथंच खालच्या तक्त्यात काम लिहितो,
दोन्ही एकाच दमात:
राहिली तर दोन्ही, पुसली तर दोन्ही.

दुपारी तीनला मी मेन स्विच ओढला.
मुद्दाम. नाहीतरी लाईट जातेच.
परत चालू केलं तेव्हा
चपळ नऊ कामं विसरला होता.
"त्यालाही लिहून ठेवायला लावता येतं की,"
ईराण्णा म्हणाला, आणि ते खरं होतं.

चहाला खाली गेलो.
भावकाण्णांच्या मशीनवर अर्धा कातलेला जॉब.
त्यांच्यात लोखंडाच्या तुकड्याला जॉबच म्हणतात.
खडूनं त्यावर त्यांनी काहीतरी खरडलं
आणि मगच हात पुसले.
"अर्धा जॉब मुका ठेवून उठू नये गा.
मागनं येणाऱ्याला काय कळणार,
कुठवर झालंय ते?"
ईराण्णानं बशीत चहा ओतला
आणि बराच वेळ फुंकत बसला.

तिसरा घेतला.

दोन आठवडे बरे गेले.
मग एका रात्री मेसेज गेला
आणि 'झालं' असं लिहायच्या आत प्रोग्राम कोसळला.
उठला, तक्ता बघितला,
प्रामाणिकपणे पुन्हा पाठवला.
नंदगडच्या एका सुनेला 'पॉझिटिव्ह' दोनदा पोचलं
आणि सकाळी सातला सासूचा प्रणोतीला फोन:
"दोन खेपा आलंय बाई,
जुळी म्हणायची काय?"

आता प्रत्येक कामाला नंबर जातो,
तोच पुन्हा आला तर मेसेजवाली कंपनी गप्प बसते.
कंपनीच झोपलेली असली
तर काम परत येऊन थांबतं,
मिनिटभर, मग दहा, मग तासभर.
त्या रकान्याला ईराण्णानं नाव दिलंय 'नाळे बा',
उद्या ये.
कचेरीत आयुष्यभर ऐकलेलं
कुठंतरी कामाला आलं, म्हणतो.

प्रणोतीचं पान आता लगेच मोकळं होतं.
लोक उलट विचारतात,
एवढ्यात झालं? खरंच घेतलंय नव्हं?

काल भावकाण्णा पहिल्यांदाच जिना चढून आले.
पडद्यावरचे आकडे बघत उभे राहिले,
गुडघ्यावर हात ठेवून, वाकून.
"आमचा जॉब हातातनं पडला
तर सगळ्या शेडला कळतं," म्हणाले.
"तुमच्यात पडला तर आवाज येतो काय?"

नाही, मी म्हटलं.
आणि रात्री घरी जाता जाता
तिसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडी बाजूला घेऊन
फोनवर तो तक्ता एकदा उघडून बघितला.