राखीव

वय बत्तीस वर्षं सात महिने.
मर्यादा तेहतीसची.
म्हणजे हा शेवटचा अर्ज, आयली कांगस,
असं गाडीच्या आरशात मी स्वतःलाच बजावलं
आणि उजव्या डोळ्यात गेलेला पापणीचा केस काढला.

डुलुथला उणे चोवीस.
तळाच्या फाटकावरच्या पोराने ओळखपत्र पाहिलं,
मग मागच्या सीटवरचं खोकं.
"मासे," म्हटलं, "धुरावलेले. बाबांच्या भट्टीतले."
बाकीचे उमेदवार डोनट आणतात.
पोरगा हसला. आत सोडलं.

रोज रात्री मी पार्सलं नेते.
एक इंजिन, एक खुर्ची, मागे टनभर
कुणाचे बूट, कुणाची औषधं, कुणाचा माफीनामा असेल,
बेमिजी, थीफ रिव्हर फॉल्स, परत.
पंखांवर बर्फ धरला की विमान अंग चोरतं.
तेव्हा मी त्याच्याशी फिनिश बोलते,
आजोबांचं फिनिश,
आमच्या घरात शिव्यांपुरतंच उरलेलं.
अर्जात या सगळ्याला एक चौकोन : एकूण तास.
मी लिहिलं, दोन हजार नऊशे बारा.
बर्फाचे तास वेगळे लिहायची सोय नव्हती.

उंची आधी उभ्याने घेतली, मग बसवून.
बसल्यावर माणूस किती उरतो
तेही मोजतात इथे.

मग लांब टेबल. सात जण.
"नोकरी सांभाळून जमेल?"
"जमेल."
"महिन्याला दोन दिवस, हे कागदावर. खरे आठ धर."
"धरलेत."
"बोलावणं आलं तर वर्षभर."
"माहीत आहे."
"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"
"मागे दोनदा म्हटलंत," मी म्हणाले,
"आणि मी इथे बसले आहे."
मेजर बोप्रे पहिल्यांदा हसली.

कर्नल ओस्टबी माशातले काटे काढत होता,
एकेक, बशीच्या कडेला रांगेत.
मान वर न करता त्याने विचारलं,
"खाली माणसं असतील. सोडशील?"

पाठ केलेलं उत्तर होतं माझ्यापाशी.
दारातला बर्फ उपसताना महिनाभर घोकलेलं,
देश, कर्तव्य, आदेश, त्याच क्रमाने.
ते ओठांशी आलं, आणि मला आठवलं
बेमिजीचं ते पार्सल,
ओल्याने पत्ता पुसलेला,
वखारीतला म्हातारा आणि मी
पहाटे चारला टॉर्च धरून
अर्धा तास एकच नाव लावत बसलो होतो.

"आजवर जे उतरवलं, ते पत्ता वाचून," मी म्हणाले.
"तेही वाचूनच सोडेन.
हात थरथरणार नाही, याची हमी देते.
नंतर झोप लागेल, याची देत नाही."

कुणी काही लिहिलं नाही.
बोप्रेने पेनाला टोपण लावलं.
ते चांगलं की वाईट, मला अजून कळलेलं नाही.

परतताना बाबांच्या दुकानाशी थांबले.
गोठल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणाऱ्यांना
ते किडे विकतात.
काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही,
विचारायची आमच्यात रीत नाही.
तळघरातून एक बरणी घेऊन आले,
आईने भरलेल्या निळ्या बेरींची शेवटची.
झाकणावर तिचं अक्षर : तारीख,
आणि खाली, राखून ठेवणे.
"कशासाठी?"
"ते कळलं असतं तर उघडली नसती?"

बरणी पुढच्या सीटवर ठेवली. पट्टा लावला तिला.
राखीव म्हणजे
जिची वेळ येऊ नये असं सगळ्यांना वाटतं,
आणि आलीच,
तर आत काही आंबलेलं नसावं, असंही.

साडेनऊचं उड्डाण.
फोन बंद करण्याआधी एकदा पाहिला.
मग शिडी लावली,
आणि डाव्या पंखापासून
बर्फ खरवडायला घेतला.