स्मरणिकेसाठी दोन पानं

फादर म्हणाले, रुमाव, तूच लिही,
चाव्या इतकी वर्षं तुझ्याचकडे आहेत.
दोन पानं. फोटो कमी पडताहेत, तेव्हा जरा ऐसपैस.

तर,
सोहारची पहिली मिस्सा झाली तांब्याच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये,
शुक्रवारी. इथला रविवार तेव्हापासून शुक्रवारीच येतो.
वेदी म्हणजे इस्त्रीचं टेबल.
चादर एका कोपऱ्यात करपलेली, तिथे फुलदाणी ठेवली.
फादर मस्कतहून भाजीच्या टेम्पोत बसून आले,
झग्याला कोथिंबिरीचा वास येत होता, असं सांतान कुटिन्हो सांगायचा.
सांतान भुईगावचा, कंपनीचा आचारी.
माणसं अकरा. कुणी म्हणतं चौदा.
जे नव्हते तेही आता होतो म्हणतात.

मग जमीन. अर्ज, शिक्के, पुन्हा अर्ज.
बाहेरून गोदामासारखं दिसलं तरी चालेल, आम्ही म्हटलं.
घंटा मात्र आगाशीहून आणली होती,
सुकेळीच्या पेटीत, केळीच्या पानांत गुंडाळून.
ती टांगली नाही. साक्रिस्तीच्या कपाटात आहे.
नाताळाआधी मी ती ब्रासोने पुसतो,
लोळा मुठीत धरून.

भिंती दाद करीम नावाच्या बलुची गवंड्याने रचल्या.
त्याचं नाव कुठल्याच फरशीवर नाही, म्हणून इथे लिहितो.
वेदीमागची भिंत त्याने तीनदा पाडली.
आम्ही म्हटलं, राहू दे, पडदा येणार आहे.
तो म्हणाला, वाकड्या भिंतीसमोर उभं राहून
काय मागणार तुम्ही?

संध्याकाळची बांग झाली की फादर वाचन थांबवायचे.
कुणी तसं सांगितलं नव्हतं.
पौलाचं पत्र अर्ध्यावर, बोट ओळीवर,
आणि आम्ही सगळे पंख्याकडे बघत.

मृत्यूचं पुस्तक पातळ आहे. सदतीस वर्षांत नऊ नावं.
आठ जण विमानाने घरी गेले. नववा सांतान.
त्याचं तिकीट काढायला कुणी उरलं नव्हतं.
या धर्मग्रामात म्हातारे नाहीत.
साठी आली की व्हिसा संपतो,
माणूस दारात उभा राहून समोसे वाटतो,
पुढच्या शुक्रवारी त्याच्या बाकावर कुणी नवा,
गुडघे कुठे टेकायचे ते शेजाऱ्याकडे बघून ठरवणारा.

बाप्तिस्मे मात्र बाराशे चौदा.
ती मुलं पंचवीस वर्षांनी पत्र पाठवतात:
लग्न ठरलंय, दाखला हवा.
टोरांटोहून, नायगावहून, एक ऑकलंडहून.
त्यांना हे गाव आठवत नाही.
एकीने विचारलं, तिथे समुद्र आहे का?
मी शिक्का मारतो, शाई वाळेपर्यंत फुंकर घालतो.
लिहिलं, आहे.

एकोणिसाव्या पानावर एका मुलीचं नाव आहे, आणि आईचं.
वडिलांच्या रकान्यात पेन टेकवून उचललेलं:
एक ठिपका.
तिचं पत्र अजून आलेलं नाही.
हे छापू नका.

फादर, दोन पानं झाली.
ऑक्टोबरात मला साठ लागतील.
जुडग्यात चाव्या पाच, कुलपं चार.
पाचवी कॅन्टीनची. ते पाडून तेरा वर्षं झाली.
नव्या माणसाने विचारलं तर सांगा, गंज घासू नकोस,
राहू दे तशीच.