दमाने घे

मास्कच्या आतल्या रबराला प्रत्येक माणसाचा
वेगळा वास असतो.
कुणाची पुदिन्याची गोळी, कुणाची शिळी कॉफी.
थॅड लिंडक्विस्टच्या मास्कला ऑक्टोबरपासून
कसलाच वास नव्हता,
जणू आत त्याने श्वास फक्त घेतला,
सोडला कधी नाही.

उतरला की खोकायचा.
हेल्मेट कुशीत धरून, हँगरच्या पत्र्याला टेकून,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.
बाकीचेही खोकायचे.
आम्ही त्या खोकल्याला विमानाचंच नाव ठेवलं होतं, थट्टेत.
अलास्कात थट्टा बरीच टिकते,
थंडीत काहीच लवकर नासत नाही.

मग नोव्हेंबरात, ब्रूक्सच्या डोंगररांगेवर,
रेडिओवर कुणीतरी म्हणालं, थॅड, डावीकडे वळ,
आणि तो हसला.
नुसता हसत राहिला, अकरा सेकंद.
मी ती टेप ऐकली आहे. त्याची बायको कोरिन हिला ऐकवली नाही.
सीटच्या बाजूची हिरवी कडी त्याच्या जाड हातमोज्यात येईना,
आली तेव्हा नखं जांभळी होती.
त्याला आठवतं ते एवढंच:
तोंडात तांब्याची चव,
आणि आपण फार हुशार झालोय असं वाटणं.

प्रत्येकाची गुदमर वेगळी असते.
एकाला राग येतो. एकीला झोप.
प्रेशर चेंबरमध्ये शंभरातून सात वजा करत जायला सांगतात.
एकदा एक मेजर त्र्याण्णववर थांबला
आणि आईला हाक मारली.

डिसेंबरात खालून चौकशी समिती आली,
पातळ तळव्यांचे बूट घालून.
त्यांनी फळ्यावर लिहिलं:
प्राणवायू इंजिनाच्याच हवेतून गाळून येतो,
तेव्हा तेलाची वाफ असेल.
गाळणीतल्या कोळशाची पूड असेल.
प्राणवायू कमी असेल.
कुणीतरी ते खोडलं, लिहिलं: जास्त असेल,
अति शुद्ध हवेने फुप्फुसाचे कोपरे मिटतात,
वरून वळणावर अंगाचं वजन नऊपट.
नळीला पीळ असेल.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, प्रश्नचिन्हासकट:
भीती?

थॅडने ते वाचलं. काही बोलला नाही.
खोकला आला तो मात्र त्याने गिळला,
गिळताना मी पाहिलं.

आणि उड्डाणं चालूच.
पुरावा नाही, म्हणाले, घाई नको, दम धरा.
आयझॅक डेमिएंटिएफ माझ्या शेजारच्या बाकावर
मास्कचे पट्टे शिवतो, घरी अकरा कुत्रे पाळतो.
तो सुईतून दोरा ओढत म्हणाला,
माझा कुत्रा धापायला लागला
की मी स्लेज थांबवतो.
कारण नंतर शोधतो.

त्या रात्री सगळे गेल्यावर
मी थॅडचं जाकीट स्वतःच्या अंगात घातलं.
वळणावर छातीला आधार द्यायला ते हवेने फुगतं,
सरळ उडताना सैल पडायला हवं.
टेस्टरची नळी लावली. काटा वळणाचा दाब दाखवून
परत शून्यावर आला.
जाकीट आलं नाही.
करंगळीएवढी एक झडप, उघडून बसलेली,
आणि माझ्या बरगड्या कुणाच्यातरी मुठीत.
श्वास आत येई, अर्ध्यावर भिंत.
मी वीस मोजले. एकविसाव्याला
झिप ओढताना माझं नख तुटलं.

अहवालात मी लिहिलं: एक शक्यता.
एकच, असं लिहायची मला परवानगी नाही,
आणि खरं सांगायचं तर माहीतही नाही.
कोळशाची पूड अजून प्रयोगशाळेत आहे.

आज उणे अडतीस.
थॅड जाकिटाशिवाय, साध्या कोटात,
गाडीपर्यंत चालत गेला.
इथे जमिनीवर श्वास दिसतो,
पांढरा, तोंडासमोर वीतभर, मग नाही.
दाराजवळ थांबून त्याने एक सोडला,
तो विरेपर्यंत बघत राहिला,
मग दुसरा.
कोरिनने आतून हॉर्न वाजवला नाही.