दीड मात्रा

भुसावळच्या चर्चमध्ये पंखा बंद ठेवून सराव.
पंखा कोमल निषादात घरघरतो,
असं फिलोमिना बाईंचं म्हणणं.
त्यांनीच रचलेल्या नव्या मिस्सेची झेरॉक्स पानं,
कडेला केळीच्या चिकाचे डाग:
आमचा अंतोन सावद्याच्या वखारीतून थेट येतो.

आम्ही मोठे: दोन गार्ड, एक नर्स,
पेन्शनीतले चार खर्ज.
समोर चोपड्याच्या वसतिगृहातली अकरा पोरं,
चपला दाराशी, जोड्या चुकलेल्या.

‘दया कर’ आधी त्यांनी म्हणायचं.
आम्ही दीड मात्रा थांबायचं, मगच.
एवढंच जमेना.
घरी, ताटावर, पोराच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा
आधी आम्हीच बोललो होतो.
बाई टाळी वाजवतात. पुन्हा.

सातव्या वेळी यार्डातून मालगाडीचा भोंगा.
आम्ही गप्प झालो, सवयीनं, सगळे रेल्वेचे.
पोरं थांबली नाहीत.
सुमलीचा सूर भोंग्याला घासून
तसाच वर गेला, कौलांच्या फटीपर्यंत,
एकटा,
आणि आम्ही आत यायचंच विसरलो.

गाडी गेली. मी डबे मोजले होते, अठ्ठावन्न.
पोरगी वळून विचारते,
“काबरं थांबनात?”

बाईंनी पेन्सिलनं पानावर
दीड खोडून
तीन केले.